पान दोनशे चौदा

१ एप्रिल, सोमवार

उभी राहिले! एकटी!

सहा महिने नुसती माझे गुरू ॲम्ब्रोज टायसन यांच्या मागच्या बाकावर बसून टिपणं काढत होते. आजपासून कोर्टात स्वतःच्या तोंडाने बोलायची परवानगी. पहिला अशील सायकलचोर. फक्त पुढची तारीख मागायची होती. चार मिनिटांचं काम. आणि मी मॅजिस्ट्रेटबाईंना म्हणाले, "युअर ऑनर"! ते वरच्या कोर्टातल्या जज्जना; तिथे नुसतं मॅडम म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाई गालात हसल्या. सायकलचोर बाहेर आल्यावर म्हणाला, "पहिलीच वेळ का, मिस? माझी आठवी. होईल सवय."

चेंबर्समध्ये परतले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. मेविस खुर्चीतून न उठता म्हणाली, "मिस लोथर, मॅजिस्ट्रेटना बढती दिलीत म्हणे."

मेविस आमची हेड क्लार्क. कुठलं काम कोणाकडे जायचं, कोण कुठल्या कोर्टात उभं राहायचं, सगळं तिच्या हातात. बेकरीच्या वर पाच खोल्या, त्यात अकरा बॅरिस्टर, आणि अकराही जण तिला टरकून असतात. ॲम्ब्रोजसुद्धा! आणि ते तर चेंबर्सचे प्रमुख.

जुलैत मतदान आहे. मला कायमचं ठेवून घ्यायचं की नाही. जागा एकच — आणि ती भरायलाच हवी असंही नाही.

४ एप्रिल, गुरुवार

ॲम्ब्रोजबरोबर दिवसभर. घरफोडीचा खटला. त्यांची उलटतपासणी बघणं म्हणजे कोळ्याला जाळं विणताना बघणं. आवाज नाही, घाई नाही. साक्षीदाराला वाटतं म्हातारबुवा गप्पा मारताहेत. अडकल्यावर कळतं.

जेवताना मला म्हणाले, "पोरी, विचारायचं काय हे कुणीही शिकतं. कुठे थांबायचं हे शिकायला मला वीस वर्षं लागली."

दोन वाजता पुन्हा तेच वाक्य. शब्दन्‌शब्द. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं. बासष्टाव्या वर्षी माणूस तेच तेच बोलतो. माझे बाबाही बोलतात.

१२ एप्रिल, शुक्रवार

दोन जामीन. एक मिळाला, एक नाही. ज्याला नाही मिळाला त्याची बायको बाहेर म्हणाली, "तुमच्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं का पाठवायला?" दिवसभर तेच डोक्यात.

३० एप्रिल, मंगळवार

आज ॲम्ब्रोज चुकले. रस्ता चुकले, म्हणजे. गेली पस्तीस वर्षं हा माणूस त्याच रस्त्याने क्राउन कोर्टात जातो. वर्किंग्टनच्या फाट्यावर डावीकडे वळायच्या ऐवजी सरळ गेले. मी म्हटलं, "ॲम्ब्रोज, फाटा गेला." "माहीत्येय, समुद्र बघावासा वाटला." हसलो आम्ही. मग त्यांनी गाडी कडेला घेतली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. दोन-तीन मिनिटं तरी. समोर समुद्र नव्हताच. एका शेताचं फाटक होतं आणि चार मेंढ्या.

"चल," म्हणाले. "तू चालव. माझे डोळे दुखताहेत."

९ मे, गुरुवार

मोठं काम आलं! जाळपोळीचं. ॲम्ब्रोज बचावाला, मी त्यांच्या मागे.

डेरिक मॉसप, वय अडतीस. तळ्याकाठच्या नौकाघरात अठरा वर्षं बोटी दुरुस्त करायचा. फेब्रुवारीत मालकाने काढून टाकलं. पंधरा दिवसांनी पहाटे नौकाघर पेटलं. वर माडीवर मालकाचा पुतण्या झोपला होता. वाचला, पण दोन्ही हात भाजले. डेरिक म्हणतो, मी घरी अंथरुणात होतो. घरी त्याची म्हातारी आई, ती ठार बहिरी. तिची साक्ष काय कामाची!

सरकारकडे एकच खरी साक्षीदार. पॅटिन्सनबाई, डेरिकच्या आईची शेजारीण. त्यांनी खिडकीतून माणूस पळताना पाहिला. पोलिसांना तीन दिवसांनी दिलेल्या जबाबात नाव घेतलं — डेरिक.

आज तुरुंगात भेटून आलो. डेरिक फार बोलत नाही. हातांना अजून वार्निशचा वास येतो असं म्हणाला, इतके दिवस झाले तरी. निघताना मला विचारलं, "मिस, हे टायसनसाहेब चांगले आहेत ना?"

"कंब्रियात त्यांच्याइतके चांगले कुणी नाहीत," मी म्हटलं. खरंच वाटत होतं ते मला.

१६ मे, गुरुवार

सापडलं!!

सरकारला न वापरलेली कागदपत्रंही बचावाला द्यावी लागतात. चारशे पानं. कुणी वाचत नाही म्हणून मी वाचली. पान २१४. आगीच्या दिवशी सकाळी सहा वीसला पॅटिन्सनबाईंनीच फोन केला होता. बोलण्याची नोंद आहे: "नौकाघर पेटलंय. एक माणूस पळतोय. कोण ते सांगता येणार नाही."

सांगता येणार नाही! आणि तीन दिवसांनी डेरिक?

पान घेऊन जवळजवळ पळतच ॲम्ब्रोजकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "शाब्बास, पोरी. हिरा आहे हा." आणि खाली जाऊन स्वतः माझ्यासाठी जिंजरब्रेड घेऊन आले.

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

२१ मे, मंगळवार

लिहू की नको असं झालंय. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

ॲम्ब्रोजनी सकाळी विचारलं, "मॉसपचं काही नवीन?" मी म्हटलं, पान २१४. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या भाषेत बोलतेय. मग म्हणाले, "हो हो, ते." पण त्यांना आठवलं नव्हतं. मी त्यांचा चेहरा सहा महिने जवळून वाचलाय. नव्हतं आठवलं.

दुपारी मेविसकडे गेले. दार लावून घेतलं. शब्द जुळवून बोलले — ॲम्ब्रोज थकलेत का, तब्येत वगैरे. ती टाइप करत होती, थांबली नाही.

"मिस लोथर, मिस्टर टायसन या चेंबर्समध्ये आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. हे चेंबर्स त्यांनी उभं केलंय. तुम्हाला आत घेतलं तेही त्यांनीच. बाकीचे नको म्हणत होते."

"मला त्यांची काळजी वाटते म्हणून—"

"जुलैत मतदान आहे. तुम्ही आपल्या कामाची काळजी करा."

ही धमकी होती? दारापर्यंत आले आणि मागून हळू आवाज आला, "त्यांची औषधं बदललीत. थोडे दिवस लागतील म्हणालेत डॉक्टर." वळून पाहिलं तर पुन्हा टाइप करायला लागली होती. म्हणजे हिला माहीत आहे. केव्हापासून?

२६ मे, रविवार

बाबांना फोन. नावं न घेता सांगितलं. बाबा चाळीस वर्षं दुधाची लॉरी चालवत होते. म्हणाले, "लॉरी चालवणाऱ्याला दिसत नसेल तर शेजारी बसणाऱ्याने गप्प बसायचं का? पण आधी खात्री कर, दिसत नाही त्याला की तुझ्यापेक्षा लांबचं दिसतंय."

बाबांचं हे नेहमीचंच. दोन्ही बाजूंनी बोलायचं.

३ जून, सोमवार

खटला सुरू झाला. ज्युरीत सात बायका, पाच पुरुष. पुढच्या रांगेत एक टक्कल पडलेला माणूस, सगळं लिहून घेतो. डेरिकची आई गॅलरीत पहिल्या बाकावर, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिला एक अक्षर ऐकू येत नाही. ती फक्त मुलाच्या मानेकडे बघत बसते.

ॲम्ब्रोज आज छान! सुरुवातीला पुतण्याची साक्ष. त्याच्याशी इतक्या मायेने बोलले की पोरगा रडला, आणि तरीही कबूल करून गेला की माडीवर हीटर जळत ठेवूनच झोपला होता. मी उगाच घाबरले. औषधं लागू पडली असतील.

उद्या पॅटिन्सनबाई.

४ जून, मंगळवार

बसमध्ये लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, बसचा दोष नाही.

पॅटिन्सनबाई सत्तरीच्या, निळा कोट, ताठ. ॲम्ब्रोज उठले. पहिली वीस मिनिटं मी श्वास घ्यायला विसरले इतकं सुंदर.

"खिडकीपासून तो माणूस किती लांब?"

"ऐंशी पावलं असेल."

"धुकं होतं?"

"तळ्यावर पहाटे असतंच की."

"चष्मा होता डोळ्यांवर?"

"उशाशी राहिला."

गॅलरीत खसखस.

"चेहरा दिसला?"

"नाही. पाठ होती माझ्याकडे. चालण्यावरून ओळखला. डेरिक डाव्या पायाने लंगडतो."

"गावात लंगडणारे किती, बाई?"

"माझा नवरा धरून चार."

सगळं कोर्ट हसलं. जज्जही. टकल्या ज्युरीवाल्याने पेन खाली ठेवून हाताची घडी घातली. आता फक्त फोनची नोंद! हातोड्याचा शेवटचा घाव!

आणि ॲम्ब्रोजनी विचारलं, "खिडकीपासून तो माणूस किती लांब?"

बाई म्हणाल्या, "आत्ताच सांगितलं ना."

मग, "धुकं होतं का?"

जज्जनी हळूच, "मिस्टर टायसन, याचं उत्तर आलंय."

ते उभे राहिले तसेच. मग म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत, युअर ऑनर." बसले!

मी पुढे वाकून त्यांचा गाऊन ओढला. "ॲम्ब्रोज! पान दोनशे चौदा! राहिलं!"

ते वळले. अगदी सभ्यपणे, हळू आवाजात म्हणाले, "माफ करा बाई, आपण कोण?"

दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. फक्त मी.

पॅटिन्सनबाई घरी गेल्या. कोर्ट उठलं. गाडीत — आता रोज मीच चालवते — ते एकदम नेहमीचे. "बरी झाली की नाही, एस्मे? तो चौथा लंगडा!" आणि हसले. एस्मे म्हणाले. मला ओळखत होते.

मी काही बोलले नाही. अख्खा रस्ता. भित्री कुठली!

५ जून, बुधवार — सकाळ

सहाला उठले. चहा थंड झाला. माझी वही तीनदा तपासली. त्यांचा प्रत्येक प्रश्न माझ्या टिपणात आहे. फोनचा नाही.

आज सरकारचा पुरावा संपेल. एकदा संपला की पॅटिन्सनबाईंना परत बोलावणं कठीण. डेरिकला चौदा वर्षांपर्यंत होऊ शकते. आणि माझं मतदान पाच आठवड्यांवर. हे दुसरं वाक्य लिहिताना लाज वाटतेय, पण आलं ते आलं.

५ जून — संध्याकाळ

जसं झालं तसं लिहिते.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. ते विगचे केस बोटांनी सारखे करत होते. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"ॲम्ब्रोज, काल तुम्ही फोनची नोंद विचारली नाहीत."

"विचारली की."

"नाही." वही पुढे धरली. त्यांनी वाचलं. ओळीवर बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"मग नसेल विचारायचं मला. काहीतरी कारण असणार."

"काय कारण?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी पोलिसाशी वाद घालत होतं. ते शोधत होते, मला दिसत होतं, अंधाऱ्या खोलीत हात फिरवून बटण शोधावं तसं.

"आठवत नाही," म्हणाले.

मी म्हटलं, "काल तुम्ही मला विचारलंत, आपण कोण."

ते खाली बसले. बाकावर, गाऊनवरच. मग राग आला त्यांना. "सहा महिने! सहा महिने नाही झाले तुला उभी राहून, आणि मला शिकवतेस कुठे काय विचारायचं?"

मी म्हटलं, "डेरिकला सांगावं लागेल. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. त्याचा हक्क आहे."

"सांग आणि जुलैत दुसरीकडे जागा शोध!"

"शोधीन."

मग त्यांनी विग डोक्यावर ठेवला, आणि हात पुढे केला — उठवायला. मी उठवलं. हात बर्फासारखा.

"चल, खाली जाऊ," म्हणाले. "मीच सांगतो त्याला."

कोठडीत त्यांनी डेरिकला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. माझ्या स्मरणाचा मला भरवसा उरला नाही, तुम्हाला दुसरा वकील हवा असेल तर खटला थांबवून मागू शकता, पण मग आणखी सहा-आठ महिने आत. किंवा जज्जसाहेबांनी परवानगी दिली तर आज पॅटिन्सनबाईंना परत बोलावू, आणि तेवढं ही विचारेल.

डेरिकने माझ्याकडे पाहिलं. "त्या कागदाचा शोध हिनेच लावला ना?"

"हो."

"मग विचारू दे पोरीला. आईला आणखी आठ महिने नाही निघायचे."

जज्जसमोर ॲम्ब्रोज उभे राहिले. "युअर ऑनर, काल एक गोष्ट विचारायची राहिली. चूक माझी, अशिलाची नाही. प्रकृतीमुळे मला वाटतं हे माझ्या शिकाऊ सहकारिणीने विचारलेलं बरं." एवढंच. पण पस्तीस वर्षांत त्यांनी कुठल्याच कोर्टात "चूक माझी" म्हटलं नसेल. सरकारी वकिलाने मान खाली घातली. जज्जनी पेन फिरवलं, आणि हो म्हणाले.

दोन वाजता बाई परत. तोच निळा कोट. वैतागलेल्या.

मी उठले.

"पॅटिन्सनबाई, आगीच्या दिवशी सकाळी सहा वीसला तुम्ही फोन केलात?"

"केला."

"तुम्ही म्हणालात — वाचून दाखवते — एक माणूस पळतोय. कोण ते सांगता येणार नाही. हे तुमचेच शब्द?"

"माझेच."

"तेव्हा तुम्ही कुणाचंही नाव घेतलं नाहीत?"

"नाही घेतलं."

थांबले. तीन मोजले. ज्युरीकडे पाहिलं. टकल्याने पेन उचलून लिहिलं, रेघ मारली खाली. बसले! ॲम्ब्रोज शेजारी होते. त्यांनी माझ्या कोपराला हलकेच हात लावला. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग सरकारी वकील उठला. आता त्याला एक प्रश्न विचारायचा हक्क होता, कारण मी विषय काढला होता. त्याने एकच विचारला.

"का सांगता येणार नव्हतं, बाई?"

पॅटिन्सनबाईंनी गॅलरीकडे पाहिलं. डेरिकच्या आईकडे.

"तिच्या शेजारी चाळीस वर्षं राहते मी. तिच्या पोराला पाळण्यात झोके दिलेत. पोलिसाला त्याचं नाव सांगायला जीभ उचलेना." मग म्हणाल्या, "मी हाक मारली होती खिडकीतून. डेरिक! म्हणून. तो थांबला. पाठच होती, वळला नाही — पण थांबला. मग पळाला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही."

डेरिकची आई हसून पॅटिन्सनबाईंना हात करत होती. तिला काय ऐकू येणार!

७ जून, शुक्रवार

दोषी. सव्वा तासात. बाराही जण.

खाली कोठडीत गेले. ॲम्ब्रोज येऊ शकले नाहीत, जिन्यात बसले होते. डेरिक शांत होता. मी म्हटलं, मला माफ करा. तो म्हणाला, "तुम्ही तुमचं काम केलंत." मग बराच वेळ हातांकडे बघत होता. "हाक मारली की कुणीही थांबतं, मिस. स्वतःची नसली तरी."

त्याने केलं की नाही, मला अजून माहीत नाही. कधी कळणारही नाही.

८ जून, शनिवार

काही नाही. झोपून होते.

१० जून, सोमवार

ॲम्ब्रोजनी काम सोडलं. सकाळी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. निदान झालंय, मार्चपासून माहीत होतं, मेविसला माहीत होतं. "मला वाटलं होतं एक उन्हाळा निघेल." मग माझ्याकडे बघून, सगळ्यांसमोर, "या पोरीने मला थांबवलं. तुमच्यापैकी एकाने नाही. हिने."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मेविस नंतर स्वच्छतागृहात रडताना सापडली. नळ सोडून ठेवलेला, ऐकू जाऊ नये म्हणून. मी परत फिरणार तेवढ्यात म्हणाली, "थांब." पहिल्यांदा तू म्हणाली. "मी करायला हवं होतं, एस्मे. मी रोज ठरवत होते. रोज."

मी नळ बंद केला. दोघी तशाच उभ्या राहिलो, एका टॉवेलला दोघी हात पुसत.

५ जुलै, शुक्रवार

डेरिकला साडेसात वर्षं. जज्ज शिक्षा सुनावताना बचावाच्या वकिलांबद्दल दोन शब्द चांगले बोलले — कठीण प्रसंगी सचोटी, वगैरे. सरकारी वकिलाने बाहेर हात मिळवला. "तुमच्या जागी मी असतो तर मला झालं नसतं."

सगळे असंच म्हणतात. बेकरीवालीलाही कळलंय. तिने आज पॅस्टीचे पैसे घेतले नाहीत.

१२ जुलै, शुक्रवार

जागा मिळाली.

एकमताने. ॲम्ब्रोज मतदानासाठी खास आले, बायकोच्या हाताला धरून. जिना चढताना दोनदा थांबले. मला म्हणाले, "अभिनंदन, पोरी." नाव घेतलं नाही. आठवलं नसेल, किंवा लागलं नसेल.

बाबांना फोन केला. बाबा रडले. मीही. मग बाबा म्हणाले, "मॅजिस्ट्रेटना आता काय म्हणणार?"

"मॅडम," मी म्हटलं.

१९ जुलै, शुक्रवार

डेरिकने अपील करायचं ठरवलंय. मँचेस्टरचे वकील बघणार आहेत. त्यांनी सगळे कागद मागितलेत, माझे आणि ॲम्ब्रोजचे, दोन्ही संच. सोमवारी टपालात घालायचे. बरं वाटलं ऐकून. कुणीतरी नव्याने बघेल.

२२ जुलै, सोमवार

ॲम्ब्रोजचा संच त्यांच्या बायकोने आज आणून दिला. बांधायच्या आधी पानं मोजत होते. २१४ च्या कडेला पेन्सिलीने, त्यांच्या सरळ, स्पष्ट अक्षरात:

"२ जून. हे विचारायचं नाही. 'सांगता येणार नाही' — दिसलं नाही म्हणून नव्हे, सांगायचं नाही म्हणून. शेजारीण आहे, पोराला वाचवत होती. विचारलं तर सरकार 'का' विचारेल आणि सगळं बाहेर येईल. धुकं, चष्मा, चार लंगडे — एवढं पुरे, मग बसायचं. एस्मेला उद्या गाडीत नीट समजावून सांगायचं."

खोडरबर टेबलावरच होतं.

पान जसंच्या तसं पाठवलं.